मेरेवरचे गवत केव्हा कापावे : भातावरील ढेकण्या आणि त्याची पर्यायी यजमान गवते

भातावरील किडींचा विचार करताना लक्ष साहजिकच चुडावर आणि लोंबीवर जाते. परंतु वर्षातील ज्या महिन्यांत शेतात भात उभेच नसते, त्या काळात ही कीड कोठे राहते आणि कशावर जगते, हे पाहिल्याखेरीज तिच्या बंदोबस्ताचा विचार पुरा होत नाही. मुख्य पीक उपलब्ध नसताना एखादी कीड ज्या दुसऱ्या वनस्पतीवर आपली भूक भागवते, अंडी घालते किंवा निदान तग धरून राहते, त्या वनस्पतीला कीटकशास्त्रात त्या किडीची पर्यायी यजमान वनस्पती म्हणतात. मालवण तालुक्यातील भातशेतीत असे यजमान शोधायला दूर जावे लागत नाही. गड आणि कर्ली या नद्यांच्या काठचे मळे, आचरा आणि कालावल खाड्यांलगतच्या सखल जमिनी, सड्याच्या पायथ्याची वरकस शेते आणि त्या सर्वांना विभागणाऱ्या मेरा यांवर मृगाचा पाऊस पडल्यापासून दिवाळीपर्यंत गवत असतेच. या गवताचा सर्वाधिक लाभ जी कीड घेते, ती म्हणजे लोंबीवरील ढेकण्या. म्हणून येथे मुख्यतः तिचाच विचार केला आहे आणि इतर किडींचा उल्लेख तुलनेपुरता येतो.

ढेकण्या हा लेप्टोकोरिसा या वंशातील कीटक असून भारतात त्याच्या लेप्टोकोरिसा अक्यूटा आणि लेप्टोकोरिसा ओरेटोरिया या दोन जाती भातावर प्रामुख्याने आढळतात. जुन्या पुस्तकांत लेप्टोकोरिसा व्हॅरिकॉर्निस या नावाने ज्याचे वर्णन येते तोही यांपैकी पहिल्याच जातीचा कीटक होय. त्याचे शरीर सडपातळ, साधारण दीड सेंटिमीटर किंवा थोडे अधिक लांब, हिरवट-तपकिरी रंगाचे असते, पाय आणि शृंगिका लांब असतात आणि त्याला डिवचले असता अंगावरील ग्रंथींतून उग्र वास सुटतो. हा वास इतका खास आहे की, दाट प्रादुर्भाव असलेल्या कुणग्याच्या, म्हणजे भातखाचराच्या, मेरेवर उभे राहिले तरी कीड दिसण्याआधी ती नाकाला कळते. मादी पानाच्या वरच्या बाजूस मधल्या शिरेलगत दहा ते वीस अंडी एका किंवा दोन-तीन ओळींत घालते. ही अंडी चपटी, तबकडीसारखी आणि तांबूस तपकिरी असतात, ती पाच ते आठ दिवसांत उबतात आणि त्यांतून बाहेर पडणारी फिकट हिरवी पिल्ले पाच वेळा कात टाकून साधारण तीन आठवड्यांत पंख असलेली प्रौढ होतात. एक मादी आपल्या आयुष्यात दोनशे ते तीनशे अंडी घालू शकते आणि प्रौढ कीटक महिनाभर ते दीड महिना, अनुकूल परिस्थितीत तीन महिन्यांहूनही अधिक काळ जगतो. या आकड्यांतील दोन गोष्टी पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवाव्यात : एक पिढी पुरी व्हायला सुमारे चार आठवडे लागतात आणि त्यांतील बहुतेक काळ कीटकाला उडता येत नाही.

नुकसान नेमके कसे होते ते जवळून पाहण्याजोगे आहे. भात फुलोऱ्यातून बाहेर पडले की सुमारे आठवड्याभराने दाण्यात दूध भरू लागते आणि ते पुढे आठवडाभर तरी पातळ राहते. या काळात लोंबीतील एखादा दाणा नखाने दाबला तर पांढरा थेंब बाहेर येतो, आणि ढेकण्याला हवा असतो तो हाच थेंब. तो तुसाला भोक पाडत बसत नाही. दाण्याची दोन तुसे जेथे एकमेकांना भिडतात त्या फटीतून तो आपली बारीक सोंड आत घालतो आणि दूध शोषून घेतो. दूध अगदी पातळ असताना हे घडले तर दाणा पोकळ राहून पळंज होतो. दूध थोडे घट्ट झाल्यावर घडले तर दाणा भरतो, पण सुरकुततो, त्यावर तपकिरी डाग पडतो आणि गिरणीत भरडताना तो तुटतो. त्यामुळे नुकसान कणगीतल्या मापात जेवढे दिसते त्याहून ते तांदळाच्या प्रतीत अधिक असते, आणि उकड्या तांदळावर ज्या घरांची पेज अवलंबून आहे तेथे ही गोष्ट लगेच ध्यानात येते. प्रादुर्भाव मोठा असेल तर पेंढ्यालाही वास राहतो आणि गुरे तो नाखुशीने खातात.

पळंज दिसला म्हणजे ढेकण्याच आला, असे मात्र समजू नये. संपूर्ण लोंबी पांढरी, ताठ उभी आणि ओढताच सहज सुटून हातात येणारी असेल तर ते काम खोडकिड्याचे असते. ढेकण्याच्या बाबतीत लोंबी हिरवीच राहते आणि भरलेल्या दाण्यांमध्ये पोकळ व डागाळलेले दाणे विखुरलेले दिसतात. फुलोऱ्याच्या वेळी सतत मुसळधार पाऊस पडून परागीभवन बिघडल्यासही दाणे पोकळ राहतात, पण त्या वेळी वास नसतो, पानांवर अंड्यांच्या ओळी नसतात आणि सकाळी लोंबीवर कीटक बसलेले आढळत नाहीत. ही शहानिशा आधी करावी, कारण पुढचे सर्व उपाय कीड कोणती आहे यावर अवलंबून आहेत.

आता मालवण किनाऱ्याच्या हंगामाशी या किडीचा वर्षक्रम जोडून पाहावा. जूनच्या आरंभी पेरलेले हळवे भात, म्हणजे सुमारे ११० ते ११५ दिवसांत तयार होणारे वाण, ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या आरंभी निसवते. निमगरवे त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी आणि गरवे, ज्याला १३५ दिवसांहून अधिक काळ लागतो, सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा त्याच्याही नंतर. मळ्यात पाणी टिकते तेथे डिसेंबर-जानेवारीत लावलेले वायंगणी भात एप्रिलमध्ये कापणीला येते. म्हणजे भातात दूध भरण्याचा काळ संपूर्ण वर्षात दोन तुकड्यांत मिळून जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा होतो, तर ढेकण्याला अन्न वर्षभर लागते. कोरड्या दिवसांत प्रौढ कीटक ओलसर सावलीतील गवताच्या गड्ड्यांत, व्हाळाच्या काठी आणि झाडोऱ्यात फारशी हालचाल न करता राहतात. पाऊस स्थिरावला की ते बाहेर पडतात, आणि त्या वेळी, जुलै-ऑगस्टमध्ये, भात अजून कोवळे असते आणि दाण्याचा पत्ता नसतो. हे दोन महिने ती भूक भागवण्याचे काम गवते करतात. गवताचा दाणाही शेवटी दाणाच असतो आणि भातापूर्वी त्यातही दूध भरते.

या गवतांत पहिला मान एकिनोक्लोआ वंशातील गवतांना द्यावा लागतो. सावा या भरडधान्याचे हे रानटी भाऊबंद अनेक ठिकाणी पाखड म्हणून ओळखले जातात. कोवळेपणी हे गवत भाताच्या रोपासारखेच दिसते आणि तरव्याबरोबर, म्हणजे लावणीच्या रोपांबरोबर, नकळत लावलेही जाते. ओळखण्याची खूण अशी की, भाताच्या पानाचा पाता जेथे खोडाला मिठी मारतो तेथे पातळ पापुद्र्यासारखी जीभ आणि केसाळ कानाची जोडी असते, तर या गवतात ती जागा सफाचट असते. हे गवत भाताच्या कितीतरी आधी फुलोऱ्यात येते, एका हंगामात त्याच्या एकाहून अधिक पिढ्या होतात आणि ढेकण्या त्यावर आनंदाने वाढतो. त्याखालोखाल हरकाच्या वंशातील पास्पालम, राळ्याच्या वंशातील सेटारिया, वरीच्या वंशातील पॅनिकम, रानटी नाचणी आणि डिजिटारिया ही गवते येतात. वरकस जमिनीवर पेरलेली वरी आणि नाचणी ही गवताच्याच कुळातली पिके असल्याने तीही या किडीला चालतात, हे वरकस आणि भातजमीन लागून असलेल्या वाड्यांनी लक्षात ठेवावे. पाणथळीत कोठे रानटी भात, ज्याला देवभात म्हणतात, उगवत असेल तर ते या किडीलाच नव्हे तर भाताच्या जवळजवळ प्रत्येक किडीला आसरा देते, आणि त्याबाबतीत दयामाया दाखवण्याचे कारण नाही.

याउलट मेरेवर पसरणारी आखूड हरळी, मेरेची माती धरून ठेवणारी आणि क्वचितच उंच तुरा काढणारी इतर गवते, तसेच रुंद पानांची बहुतेक तणे या किडीच्या दृष्टीने गौण आहेत. म्हणून एखादे गवत धोक्याचे आहे की नाही हे ठरवण्यासाठी नावांची यादी पाठ करण्यापेक्षा एक साधी कसोटी अधिक उपयोगी पडते : भात पोटरीत येण्यापूर्वीच्या तीन-चार आठवड्यांत त्या गवताला दाणा धरतो का, आणि तो दाणा नखाखाली दाबल्यावर त्यातून दूध येते का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर होय असेल तर ते गवत ढेकण्याचे धान्यकोठार आहे, मग त्याचे नाव काहीही असो.

येथे एक इशारा द्यायला हवा, कारण 'बांध स्वच्छ ठेवावेत' हा सल्ला शेतीविषयक पुस्तिकांत प्रत्येक किडीपुढे इतक्या सरसकट छापला जातो की त्याचा अर्थच पातळ झाला आहे. भाताचा पिवळा खोडकिडा जवळजवळ केवळ भातावर आणि भाताच्या रानटी भावंडांवर जगतो. त्याच्यासाठी मेरेवरचे गवत कापणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात चोर शोधणे होय, कारण त्याची अळी कापणीनंतर भाताच्या धसकटातच लपून राहते आणि तिचा उपाय धसकटे नांगरून उलथून टाकणे हा आहे. गुलाबी खोडकिडा मात्र अनेक गवतांवर राहू शकतो. हिरव्या तुडतुड्यांच्या दोन नेहमीच्या जातींपैकी नेफोटेटिक्स व्हायरेसेन्स ही मुख्यतः भाताला धरून असते, तर नेफोटेटिक्स निग्रोपिक्टस ही गवतांवर खुशाल वाढते. तपकिरी तुडतुड्यांची कथा याहून उद्बोधक आहे. पाणथळीत वाढणाऱ्या लीर्सिया हेक्झांड्रा या गवतावर हुबेहूब तसेच तुडतुडे सापडतात, त्यामुळे ते भातावर येणाऱ्या तुडतुड्यांचे कोठार असावे असा तर्क कोणीही केला असता. परंतु फिलिपाइन्समध्ये १९८०च्या दशकात झालेल्या संशोधनात दिसून आले की, या गवतावरील तुडतुडे भातावर नीट जगत नाहीत आणि भातावरील तुडतुडे या गवतावर टिकत नाहीत, म्हणजे दिसायला एकच असणारी ही दोन स्वतंत्र कुळे आहेत. गादमाशीच्या बाबतीतही हरळीवर गाठी करणारी माशी ही भाताच्या गादमाशीच्या वंशातली खरी, पण वेगळी जात आहे. तात्पर्य, गवतावर कीटक दिसला एवढ्यावरून तो भातावर येणारच असे मानून मेर तासायला घेणे चुकीचे ठरते. कीड कोणती, तिचा त्या गवताशी संबंध कोणता आणि ती भातावर कोणत्या अवस्थेत जाते, या तीन गोष्टी ठाऊक असल्या पाहिजेत. शंका असेल तेव्हा कीटक आणि गवताची काडी लोंबीसह बाटलीत घालून मालवण तालुक्यातील किर्लोस येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा फोंडाघाट येथील कृषी संशोधन केंद्रात दाखवून घेणे उत्तम.

मेर मुळापासून बोडकी करू नये, याचे आणखी एक कारण आहे, आणि ते किडीच्या शत्रूंशी निगडित आहे. ढेकण्याच्या अंड्यांवर ग्रायॉन वंशातील, गांधीलमाशीच्या गणातली सूक्ष्म माशी आपली अंडी घालते आणि ढेकण्याची अंडी आतून पोखरली जातात. लांब शृंगिका असलेले काही नाकतोडे, जे गवतातच राहतात, ही अंडी खातात. कोळी पिल्ले आणि प्रौढ दोन्ही पकडतात. आणि सततच्या ओलाव्यात ब्युव्हेरिया नावाची बुरशी या कीटकांना मारून पांढऱ्या पिठासारखी त्यांच्या अंगावर वाढते. ही सारी मंडळी भात नसलेल्या काळात गवतातच मुक्काम करतात. चीनमध्ये तर भातशेताच्या कडेला लीर्सियाचे एक गवत मुद्दाम राखले गेले, कारण त्यावर येणारे वेगळ्या जातीचे तुडतुडे भाताला उपद्रव देत नाहीत, पण त्यांच्या अंड्यांवर पोसली जाणारी परोपजीवी माशी पुढे भातावरील तुडतुड्यांचीही अंडी नष्ट करते. शिवाय वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात मेरेची माती धरून ठेवणारे गवत नसेल तर एका जोराच्या सरीत मेर फुटते आणि कुणग्यातले पाणी, खत आणि तरवा असे सगळेच खालच्या मळ्यात जाते. म्हणून येथे प्रश्न गवत ठेवावे की काढावे असा नाही, ते दाणा धरण्यापूर्वी कापले जाते की नंतर, असा आहे.

व्यवहारात हे काम तीन टप्प्यांत बसते. पहिला टप्पा चिखलणी आणि लावणीच्या वेळचा, जो बहुतेक शेतकरी मेर तासून आणि तिला चिखल लावून परंपरेने करतातच. यात वेगळे सांगण्यासारखे थोडेच आहे, फक्त दाढीतला तरवा उपटताना पाखडाची रोपे वर सांगितलेल्या खुणेने वेगळी काढली तर पुढची अर्धी बेणणी वाचते. दुसरा टप्पा लावणीनंतर तीन ते चार आठवड्यांनी, बेणणीच्या जोडीने येतो. या वेळी कुणग्यातील तण उपटायचे आणि मेरेवरचे गवत तुरा बाहेर पडण्याआधी कापायचे. तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी चुकतो. भाताचा वरचा पाता उलगडून खोड बोटाला फुगीर लागू लागले, म्हणजे पोटरी धरू लागली, की त्याच आठवड्यात मेरेवरची कापणी पुरी झाली पाहिजे. पोटरीपासून दाण्यातील दूध घट्ट होईपर्यंत सुमारे चार आठवडे जातात, आणि कापलेल्या गवताला पुन्हा फुटून तुरा काढायला साधारण तेवढाच अवधी लागतो. त्यामुळे या एका कापणीने भाताचा नाजूक काळ निभावून नेता येतो.

हळव्या भातासाठी ही वेळ साधारण ऑगस्टच्या मध्यास, नारळी पौर्णिमा आणि गोकुळाष्टमीच्या आसपास येते, पण अधिक मासामुळे तिथी पुढेमागे होतात म्हणून सणापेक्षा पोटरीवर भरवसा ठेवावा. अडचण अशी की, त्यानंतर लगेच गणपतीची तयारी सुरू होते, मुंबईची माणसे घरी येतात, माटवी सजते आणि शेतावरची सारी कामे पंधरा दिवस पुढे ढकलली जातात. विसर्जनानंतर मग सवडीने कोयती घेऊन मेरा साफ केल्या जातात, आणि ही वेळ सर्वांत वाईट असते. तोपर्यंत गवताचा दाणा पिकत आलेला असतो, ढेकण्याची एक पिढी त्यावर वाढून तिला पंख फुटलेले असतात, आणि त्याच वेळी शेजारच्या कुणग्यात भाताच्या लोंबीत दूध भरत असते. अशा वेळी गवत कापले की सर्व प्रौढ कीटक एका दिवसात भातावर उतरतात. उशिरा कापण्यापेक्षा न कापणे पत्करले, असे म्हणावे लागते ते यामुळेच. तणनाशक मारून गवत वाळवले तरी परिणाम तोच होतो, फक्त दोन-चार दिवस उशिरा.

कापणी वेळेवर होत असेल तर तिच्या पद्धतीकडेही लक्ष द्यावे. गवत चार-पाच बोटे उंचीवर कापावे, मुळे मेरेतच राहू द्यावीत. गवत कापण्यापूर्वी त्याचे दोन-चार तुरे हातात धरून पांढऱ्या कापडावर झटकले तर त्यावर प्रौढ जास्त आहेत की पिल्ले, हे कळते. पिल्लांना उडता येत नाही, त्यामुळे पिल्ले आणि अंडी असतानाची कापणी प्रत्यक्ष कीड नष्ट करते, तर प्रौढ असतानाची कापणी तिला फक्त हलवते. कापलेल्या गवताचे भारे त्याच दिवशी गोठ्यात न्यावेत. ते मेरेवरच पसरून ठेवले तर पानांवरची अंडी उबतात आणि पिल्लांना भाताचा चूड दोन हातांवर असतो. ग्रासकटरने कापलेले गवत बारीक होऊन चिखलात पडते आणि उचलता येत नाही, म्हणून या तिसऱ्या कापणीपुरती कोयतीच बरी. वाडीतल्या सर्व मेरा एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे कापत गेल्यास, आणि शेवटी भातापासून दूर असलेला गवताचा एक लहान पट्टा एक-दोन दिवस तसाच ठेवल्यास, विस्थापित प्रौढ त्यावर गोळा होतात आणि सकाळी लवकर, अंग गारठलेले असताना, जाळीने पकडून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. हे काम मुलांनाही जमते, पण ज्या घरांत मुले गणपतीपुरतीच गावात येतात तेथे त्यांच्यावर विसंबून राहू नये.

मालवण परिसरात आज सर्वांत कठीण प्रश्न स्वतःच्या मेरेचा नसून शेजारच्या पडीक कुणग्याचा आहे. घरटी एक-दोन माणसे मुंबईला किंवा गोव्याला असल्याने भातजमिनीचे अनेक तुकडे वर्षानुवर्षे लावले जात नाहीत आणि त्यांत पाखड, पास्पालम आणि पाणगवते कमरेइतकी वाढतात. चारही बाजूंनी काटेकोर कापणी केलेला एक कुणगा अशा तीन पडीक कुणग्यांच्या मध्ये असेल तर त्याच्या मालकाने केलेली मेहनत ढेकण्याच्या दृष्टीने नगण्य असते, उलट पंचक्रोशीतले एकमेव दुधाळ भात म्हणून त्याच्यावरच किडीचा सारा भार येतो. अशा ठिकाणी मालकाची परवानगी घेऊन पडीक तुकड्यातले गवत वैरणीसाठी कापून नेणे हा दोघांच्याही सोयीचा मार्ग आहे, आणि ते शक्य नसेल तर निदान भाताला लागून असलेला पाच-सहा हातांचा पट्टा तुरा येण्यापूर्वी कापून घ्यावा. पडीक जमिनीत गुरे चरू देणे हेही उपयोगी पडते, पण शेजारच्या भातात ती शिरणार नाहीत याची हमी कोण देणार, हा प्रश्न प्रत्येक वाडीने आपापला सोडवायचा आहे.

त्याच कारणाने एका मळ्यातले भात शक्य तितके एकाच वेळी निसवेल असे वाण निवडणे हिताचे ठरते. हळवे, निमगरवे आणि गरवे कुणगे एकमेकांत मिसळलेले असले की सर्वांत आधी निसवणारा कुणगा गवतावरून आलेली कीड झेलतो, त्याच्यावर तिची पुढची पिढी वाढते आणि सर्वांत शेवटी निसवणारा कुणगा त्या पिढीच्या तोंडी सापडतो. मधले मात्र बऱ्याचदा सुटतात. जमिनीच्या चढउतारामुळे एकच वाण सर्वत्र लावणे शक्य नसते, कारण वरच्या कुणग्यात पाणी टिकत नाही म्हणून तेथे हळवे आणि खालच्या मळ्यात गरवे ही वाटणी शहाणपणाचीच आहे. पण एकाच पातळीवरच्या कुणग्यांत तरी दोन आठवड्यांहून अधिक फरक पडू देऊ नये.

इतके करूनही लोंबीवर कीड दिसलीच, तर आधी मोजणी करावी. ढेकण्या सकाळी लवकर आणि संध्याकाळी लोंबीवर असतो आणि उन्हाच्या वेळी चुडाच्या बुंध्याकडे किंवा मेरेवरच्या गवतात दडतो, म्हणून दुपारी फेरी मारून कीड नाही असा निष्कर्ष काढणे फसवे असते. कुणग्याच्या कडेचे आणि मधले असे मिळून वीसेक चूड सकाळी पाहावेत आणि सरासरी एका चुडात एक ते दोन कीटक आढळले तरच कीटकनाशकाचा विचार करावा. आशियातील काही देशांत कुजलेले खेकडे, गोगलगायी किंवा मासळी काठीला बांधून शेतात ठेवतात, कारण कुजक्या मांसाच्या वासाकडे हा कीटक, विशेषतः त्याचा नर, ओढला जातो. मालवणात मासळीचे टाकाऊ भाग आणि मेरा पोखरणाऱ्या कुर्ल्या यांची वाण नाही, तेव्हा कीड आली की नाही हे लवकर कळण्यासाठी ही युक्ती करून पाहायला हरकत नाही, मात्र तिने कीड आटोक्यात येईल अशी अपेक्षा ठेवू नये. फवारणी करावीच लागली तर भातासाठी आणि या किडीसाठी शिफारस असलेले औषधच, डब्यावरील मात्रेत, वारा शांत असताना संध्याकाळी वापरावे आणि फवारणीची सुरुवात मेरेच्या बाजूने करून आत जावे. दाण्यातील दूध आटून दाणा कडक झाला असेल तर फवारणीचा काहीही उपयोग नाही, औषध फक्त तांदळात आणि पाण्यात जाते. या भागात कुणग्याचे पाणी व्हाळातून थेट खाडीला मिळते आणि खाडीत कोळंबी, मासे आणि कुर्ल्या असतात, याचा विसर पडू नये.

भाताची कापणी झाल्यावर मळ्यात वायंगण करायचे असेल त्यांनी पुढच्या डिसेंबरपर्यंतच्या काळाकडे लक्ष द्यावे. कापलेल्या धसकटांना ओलाव्यामुळे पुन्हा फुटवे येतात, त्यांना छोट्या लोंब्या धरतात आणि पावसाळी पिकावरची कीड त्या लोंब्यांवर जगून वायंगणी भातापर्यंत पोचते. तेव्हा धसकटे लवकर नांगरून टाकावीत किंवा गुरांना त्यावर सोडावे. वायंगणाच्या वेळी सभोवतालचे बहुतेक गवत वाळलेले असल्याने धोका मुख्यतः पाटाच्या आणि व्हाळाच्या काठच्या हिरव्या पट्ट्यातूनच येतो, आणि तेवढा पट्टा फेब्रुवारीच्या अखेरीस, वायंगणी भात पोटरीत येण्यापूर्वी, एकदा कापला तर सहसा पुरते.